बसण्यासारखी जागा

एखाद्या बारमध्ये आज बसायचं की नाही हे ठरवायला इंगवले सरांना जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात आपण घरी जाऊन, जेवून, हात पुसत परत येऊ, असं बाळासाहेब म्हणायचे. म्हणायचे ते रस्त्यावर उभं राहून, एका हातात स्वतःचं आणि दुसऱ्या हातात सरांचं हेल्मेट धरून. कारण सर "थांबा, बघून येतो," म्हणून एकटे आत गेलेले असायचे. लग्नासाठी स्थळ बघायला गेलेला माणूसही इतका वेळ आत थांबत नाही.

मग ते बाहेर यायचे. उंच, किडकिडीत, चौकडीचा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला निवृत्तीनंतरही पेन. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. चष्मा काढून पुसायचे आणि निकाल द्यायचे.

"पिण्यासारखं हाय. बसण्यासारखं न्हाय. चला."

"अवो सर, पिण्यासारखं हाय तर बसूया की!" बाळासाहेब कळवळून म्हणायचे.

"प्यायचं तर घरात पी की. बायकू नको म्हणती व्हय?"

इंगवले सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. वर्गात 'आहे' म्हणायचे आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर 'हाय'. मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. बाळासाहेब पाटलांचं टायरचं दुकान होतं, अजून आहे. आम्ही तिघं मंगळवार पेठेतले, एकाच गल्लीतले, आणि आठवड्यातून एकदा बसणारे.

बाहेरच्यांना वाटतं की कोल्हापूरची माणसं रोज तांबडा-पांढरा ओरपतात आणि रोज पितात. तसं नाही. इथं प्रत्येकाचा वार असतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. ज्या देवाला जो वार दिला, त्या दिवशी मटण नाही आणि बाटली तर नाहीच. बाळासाहेबांनी रविवार, मंगळवार आणि शुक्रवार दिलेले होते. माझ्या बायकोनं माझ्या वतीनं, मला न विचारता, सोमवार, गुरुवार आणि शनिवार देऊन टाकले होते. राहता राहिला बुधवार. सरांनी कुणालाच वार दिलेला नव्हता.

"माझं कुठल्याच देवाशी भांडण न्हाय," ते म्हणायचे. "मग वार कशापायी वाटत बसू?"

तर बुधवार. आणि बुधवार संध्याकाळ एवढी एकच असल्यामुळे ती वाया जाता कामा नये, हा सरांचा आग्रह. आत गेल्यावर ते काय बघतात हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. दरपत्रक ते बघत नसत. स्वच्छता बघायचे, पण आमच्यापेक्षा कमी. हळूहळू, त्यांच्या बोलण्यातून, थोडंथोडं समजत गेलं. टीव्ही चालू असला तरी चालेल, पण मालक स्वतः टीव्हीकडं बघत नसावा. निदान एका टेबलावर कुणीतरी नुसतं जेवत असावं. वेटरनं ग्लास ठेवताना आवाज करू नये, आणि केलाच तर त्याला स्वतःला तो ऐकू यावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोपऱ्यात एखादा म्हातारा एकटाच पेपर वाचत बसलेला असावा आणि त्याला "अजून काय आणू?" असं कुणी विचारत नसावं.

"एकट्या म्हाताऱ्याला जिथं निवांत बसू देत्यात," सर म्हणायचे, "तिथं तिघांनी डोळं मिटून जावं."

बारची नावं त्यांना कधीच लक्षात राहिली नाहीत. त्यांनी त्यांना आपली नावं दिलेली होती. आरशाचा. रडक्या मालकाचा. दोन पंख्यांचा. उद्यमनगरात एक 'जावयाचा' होता, कारण तिथला मालक गिऱ्हाइकाशी सासुरवाडीला आल्यासारखा रुसून बोलायचा. स्वतः सर एकच ग्लास घ्यायचे. त्यातला बर्फ वितळून त्याचं पाणी होईपर्यंत तो पुरायचा. मग ते पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "झाली गा संध्याकाळ."

त्यांची आणखी एक अट होती, मागच्या दाराची. ती मला समजली ती बाळासाहेबांच्या पुतण्यामुळे.

त्या बुधवारी आरशाच्या बारची पाळी होती. सर आत जाऊन आले होते, निकाल अनुकूल होता. बाळासाहेब दारात पोचले आणि एकदम थबकले. फोन काढून कानाला लावला आणि रस्त्याकडं तोंड करून मोठमोठ्यानं बोलायला लागले. टायरच्या मालाविषयी काहीतरी. फोनचा पडदा काळा होता. त्या बाजूला कुणीच नव्हतं. मी आत बघितलं. आरशासमोरच्या टेबलावरचा एक तरुण ताडकन उठला होता, आणि तोंडातला घास तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाला होता. वेटरनं त्याच्यासाठी पडदा बाजूला धरला, दुसऱ्या हातानं टेबल पुसलं आणि मालकानं गल्ल्यावरूनच आवाज दिला, "या बाळासाहेब, या. रिकामंच हाय बगा हे टेबल!"

बाळासाहेबांनी फोन खिशात टाकला. खुर्चीवर बसले, खुर्ची ऊबदार असणार, आणि शांतपणे विचारलं, "गेलं का बेणं?"

"कोण जी?" मालक म्हणाला.

"कोण न्हाय."

सर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बघितलासा? याला म्हणायचं बार. पुतण्याला जायला दार हाय, आन चुलत्याला दारात थांबायची अक्कल हाय."

इथली ही रीत मला तोपर्यंत नुसतीच माहीत होती, तिचं मोल कळलं नव्हतं. मुलगा पितो हे बापाला ठाऊक असतं. बापाला ठाऊक आहे हे मुलाला ठाऊक असतं. तरी दोघं एका छपराखाली ग्लास हातात घेऊन भेटत नाहीत. दोघांपैकी एकजण रस्त्याकडं तोंड करतो आणि कुणाशी तरी बोलत असल्याचं नाटक करतो. घरं चालतात ती अशा नाटकांवर.

मधल्या काळात शहर बदललं. परमिट रूमचे लाउंज झाले. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हायवेला कागलच्या बाजूला असंच काहीतरी काढलं आणि उद्घाटनाला आम्हाला गाडी पाठवली. फाटकापासून दारापर्यंत त्याच्या शुभेच्छुकांचे फ्लेक्स होते. त्यात शुभेच्छुकांचे चेहरे मोठे आणि त्याचा लहान. फीत कापायला जे पुढारी आले, ते माळकरी असल्याचं त्यांनीच भाषणात सांगितलं आणि युवकांनी व्यवसायात उतरावं असं आवाहन केलं. टाळ्या झाल्या. आत सगळं निळं होतं. खुर्च्यांच्या पाठी लग्नाच्या स्टेजवरच्या असतात तशा उंच. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसते दात निळे दिसायचे.

सरांनी नेहमीप्रमाणे एकट्यानं एक फेरी मारली आणि विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, चांगलं केलंयस. पण हितं माणसानं बोलायचं कुठं?"

"सर, हितं बोलायला कोण येतंय? हितं व्हाइब असती."

"असं व्हय," सर म्हणाले. "ती प्लेटीनं देतासा का अर्धी बी मिळती?"

विद्यार्थी मनापासून हसला. त्यानं ते मेनूकार्डावर घालायचा विचार केला असेल. परत येताना बाळासाहेब गाडीत म्हणाले, "सर, आता आपल्याला बसायला जागा न्हाय राहिली." सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, लाउंजचं दुःख झालं असेल. दुःख वेगळं होतं, ते आम्हाला पुढं कळलं.

सरांना एकच मुलगा, अभिजित. पुण्यात कंपनीत होता. एका उन्हाळ्यात तो लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन घरी आला. "घरनंच काम हाय आता त्याला," सरांनी सांगितलं. आम्ही मान डोलावली. गल्लीत अर्ध्या घरांतली मुलं अशी घरून काम करत होती. पण अभिजितच्या वरच्या खोलीची खिडकी दिवसाही बंद असायची. एकदा टाकी धुवायला आलेल्या माणसानं गच्चीवरून पोतं भरून बाटल्या खाली आणल्या आणि इंगवले वहिनींना मोठ्यानं विचारलं, "वहिनी, ह्या कुणाला देऊ?" गल्लीत ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. ही आमची सभ्यता.

सरही बोलले नाहीत. मग एका बुधवारी ते दोन पंख्यांच्या बारमध्ये गेले, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, बाहेर आले, चष्मा पुसला. पण निकाल दिला नाही, माझ्याकडं वळले. विचारलं,

"देसाई, हितं बाप-लेक बसतील का वो?"

बाळासाहेबांनी हातातली दोन्ही हेल्मेटं स्कूटरवर ठेवली.

त्या संध्याकाळी आम्ही कुठंच बसलो नाही. पंचगंगेच्या घाटाकडं चालत गेलो आणि वाटेत सरांनी आपला सिद्धांत सांगितला. तो त्यांनी बरेच दिवस मनात घोळवलेला असणार, कारण वर्गात सांगितल्यासारखा नीट सांगितला. दारू वाईट नाही, जागा वाईट असते. बंद खोलीत पिणाऱ्याला थांबायचं निमित्त मिळत नाही. बारमध्ये मिळतं. समोरचा उठतो, वेटर बिल आणतो, पंखा बंद होतो. माणसांत बसून पिणारा माणूस माणसांत राहतो. आपण स्वतः नाही का राहिलो? तेव्हा अभिजितला वरच्या खोलीतून काढून चांगल्या जागी बसवायचं. बाकीचं आपोआप होईल.

"त्याला शिकवायचं राहून गेलं," ते म्हणाले. "कुठं बसावं, कसं बसावं. बापानं शिकवायचं ते."

"सर," बाळासाहेब चाचरत म्हणाले, "आपल्यात बाप-लेक न्हाय बसत."

"तेच तर चुकतंय."

भूगोलाच्या माणसाला वाटतं की सगळं काही जागेवर अवलंबून असतं. मी अर्थशास्त्रातला. माझ्या शास्त्रानंही आजवर कुणाला वाचवलेलं नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

मग शोध सुरू झाला. या शोधात गंमत राहिली नव्हती. आता सरांना ओळखीचं कुणी नसणारी जागा हवी होती, आणि कोल्हापुरात सरांना न ओळखणारा माणूस मिळणं अवघड. प्रत्येक बारमध्ये त्यांचा एखादा विद्यार्थी गल्ल्यावर, ओट्यावर किंवा टेबलाखाली असायचा. "सर, तुमी? या की!" असं कुणी म्हणालं की जागा बाद. मग आम्ही गावाबाहेर गेलो. कागलकडं गेलो, इचलकरंजी ओलांडून गेलो. एका जागी खुर्च्या समोरासमोर होत्या, म्हणून नको. बाप आणि मुलगा शेजारीशेजारी बसले तर एकमेकांकडं बघावं लागत नाही. एका जागी दिवे फार. एका जागी शेजारच्या टेबलावर कुणीतरी रडत होतं.

शेवटी कुरुंदवाडच्या रस्त्याला जागा मिळाली. उसाच्या फडाला लागून पत्र्याची शेड, बाहेर लाकडी बाक, रस्त्याकडं तोंड करून. मालक म्हातारा, सीमेकडचा, त्याच्या मराठीला कानडी हेल होता. स्वतः दारूला शिवत नव्हता, कपाळाला भस्म. सरांनी त्याला सगळं सांगितलं. आम्हालाही धड न सांगितलेलं त्या अनोळखी माणसाला सांगितलं.

म्हाताऱ्यानं फडक्यानं बाक पुसला. मग म्हणाला, "कर्रऽऽकोंड या पावणं. म्हंजी घिऊन या पोराला. मी काय बी इचारणार न्हाय."

सरांचा चेहरा उजळला. आमच्याकडं वळून ते म्हणाले, "बसण्यासारखं हाय."

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो. "तुमी असलासा तर त्याला जरा मोकळं वाटंल," सर म्हणाले होते. म्हणून मीही होतो; बाळासाहेब दुकानातच थांबले. अभिजित आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. बाकावर बापाच्या शेजारी बसला. समोर रस्ता, ऊस, उतरतं ऊन. जागा खरोखर सुंदर होती. सरांनी इतक्या वर्षांत निवडलेल्यांतली सगळ्यात चांगली.

सरांनी दोघांचं सांगितलं.

"मला लिंबू-सोडा," अभिजित म्हणाला.

"घे रं. मीच म्हणालोय न्हवं?"

"नको पप्पा."

"आरं, लाजतोस काय? मला म्हाईत न्हाय व्हय?"

"पप्पा, तुमच्यासमोर कसं घेऊ?"

ते इतक्या सरळपणे म्हणाला की सरांना पुढं बोलता येईना. म्हाताऱ्यानं लिंबू-सोडा आणला. अभिजितनं ग्लास दोन्ही हातांनी उचलला. तरी तो दातांवर आपटत होता. तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. कपाळावर घाम, शर्टाची पाठ ओली. अंधार पडेपर्यंत तो तसा बसला. मी विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली, पुण्यातल्या वाहतुकीविषयी बोलला, माझ्या मुलीची चौकशी केली. निघताना वाकून माझ्या पायाला हात लावला तेव्हा तोल जाऊ नये म्हणून त्याला बाक धरावा लागला.

मला तो सगळा वेळ असह्य वाटला होता. सर मात्र परतीच्या वाटेवर माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "बघितलासा? इतका वेळ राहिला की न पिता."

त्यांचा सिद्धांत कोसळला होता आणि त्याच्या विटांतून त्यांनी लगेच दुसरा बांधला होता. माझ्यासमोर पीत नाही ना? मग मी समोरून हलत नाही.

आणि ते खरोखरच हलले नाहीत. आधी रीतसर उपाय झाले. डॉक्टरनं दाखल करून घेतलं, एकदम सोडणं जिवावर बेततं असं बजावलं, औषधं दिली. अभिजित गालांवर थोडं मांस घेऊन परत आला. तिथून पुढं सर त्याच्यासमोर. डेअरीत दूध आणायला दोघं. बँकेत दोघं. केस कापायला एक बसायचा तेव्हा दुसरा मागच्या बाकावर. साठी ओलांडलेला बाप स्कूटर चालवतोय आणि तिशी ओलांडलेला मुलगा मागं पिशवी धरून बसलाय, अशी ती जोडी गावभर दिसायची. रात्री सर आपली गादी वरच्या खोलीच्या दाराला आडवी टाकायचे.

देवांशीही त्यांनी बोलणी सुरू केली. आधी सोमवार दिला. मग वहिनींनी सांगितलं म्हणून शुक्रवार. मग गुरुवार. एकेक करत सगळे वार वाटले गेले.

"सर, सगळं देवांनाच दिलासा," बाळासाहेब म्हणाले. "आमचा बुधवार तरी ऱ्हाऊ द्या."

"बुधवारी घरी या की. चहा हाय."

आम्ही जायचो. चौघं टीव्हीसमोर. अभिजित चहा आणायचा. कप बशीत वाजायचे आणि ते ऐकू येऊ नयेत म्हणून सर आवाज वाढवायचे. बातम्यांत कुणीतरी कुणाला तरी गद्दार म्हणत असायचं. सर मान वळवून अभिजितकडं बघायचे, मग पडद्याकडं, मग पुन्हा अभिजितकडं. त्याला धड खाकरताही यायचं नाही. एकदा जिन्यात मला गाठून तो म्हणाला होता, "काका, पप्पांना थोडं बाहेर घेऊन जावा की. पूर्वीसारखं. त्यांना बी बरं वाटंल." मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला मी बाहेर जायला पाहिजेच हाय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अभिजितचंही खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

काही महिने असे गेले. मग एका दुपारी सर माझ्या घरी आले. एकटे. ते एकटे आहेत हे बघूनच मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"काल प्याला," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

मी पाणी आणलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं आणि उभ्यानंच सांगितलं. वहिनी देवळात गेल्या होत्या. सर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा फोडत बसले होते. अभिजित आला, समोर उभा राहिला. म्हणाला, पप्पा, जरा बाहेर जाऊन या की. सर म्हणाले, कशाला? तो म्हणाला, असंच. गल्लीच्या तोंडापर्यंत. सर म्हणाले, मी हितंच हाय. तो भिंतीला टेकून उभा राहिला. परत म्हणाला, पप्पा, जावा की. हात जोडले. सर शेंगा फोडत राहिले. मग त्यानं पिठाच्या डब्यामागून बाटली काढली, टेबलावर ठेवली, त्यांच्याच पुढ्यातला पाण्याचा ग्लास घेतला.

"माझ्याकडं बघत बघत प्याला न्हाय," सर म्हणाले. "डोळं मिटून प्याला. पण समोरच."

त्यांनी ग्लास या हातातून त्या हातात घेतला.

"लाज तेवढी एकच राहिली होती वो त्याची. मी उठलो असतो तर ती तरी राहिली असती. मला उठायचं कळलं न्हाय, देसाई."

पाण्याचा ग्लास त्यांनी तसाच भरलेला परत दिला आणि गेले. बाळासाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते दुकानात एक टायर तपासत होते. टायरवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. त्या बुधवारी आम्ही दोघंच आरशाच्या बारमध्ये गेलो. आधी आत जाऊन बघून यायला कुणी नव्हतं. सरळ आत जाऊन बसलो आणि अर्ध्या तासात उठलो.

त्यानंतर काही लपवायचं राहिलं नाही, आणि जे लपवायचं राहिलं नाही ते वाढत गेलं. पुन्हा दाखल केलं, पुन्हा परत आला. कावीळ झाली. गल्लीत सरांना भेटलं की ते हवापाण्याविषयी बोलायचे आणि आपण काही विचारायच्या आत घड्याळ बघायचे. देवांना दिलेले वार त्यांनी परत घेतले नाहीत. "दिलेला वार काढून घेत न्हाईत," म्हणाले. देवांनी काय दिलं, हे मी विचारलं नाही.

मागच्या थंडीत मी स्टँडच्या मागच्या बाजूला गेलो होतो. संध्याकाळ होत होती. तिथं लाकडाच्या वखारींमध्ये एक देशी दारूचं दुकान आहे. आत पत्र्याची टेबलं, वर ट्यूबलाइट, जमीन ओली. तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. शहरातली सगळ्यात वाईट जागा कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी ती सांगेन.

दारासमोरच्या टेबलावर इंगवले सर बसले होते. शेजारी अभिजित. तो इतका वाळला होता की आधी मी ओळखलं नाही. पोट तेवढं पुढं आलेलं. त्याच्यापुढं ग्लास होता. सरांपुढं काही नव्हतं. त्यांनी कागदाच्या पुडीतून उकडलेलं अंडं काढलं, टेबलाच्या कडेवर टिचवलं आणि सोलायला लागले. सावकाश, पापुद्रा राहू नये म्हणून नखानं खरवडत. मग त्यावर मीठ टाकलं, अर्धं केलं आणि एक अर्धुक मुलाच्या हातावर ठेवलं.

"खा," ते म्हणाले. दारापर्यंत ऐकू आलं. "रिकाम्या पोटी नको. खा बाळ."

अभिजित खायला लागला. अगदी हळू, लहान मुलासारखं, समोरच्या हाताकडं बघत.

मी पुढं पाऊल टाकलं तेव्हा सरांनी मान वर केली. मला बघितलं. ओळख दाखवली नाही असं नाही. नुसती मान हलवली. नको. मी आत गेलो असतो तर अभिजितनं मला काका म्हणून हाक मारली असती, उठून उभा राहिला असता, हातातलं खाली ठेवलं असतं. सरांनी पुडीतून दुसरं अंडं काढलं.

मी रस्ता ओलांडला.